तो निरोप बदलून सांगायचा

हे लिहिण्याआधी मुलाला विचारलं. त्याच्या दोन अटी होत्या. खरं नाव घालायचं नाही, आणि लिहून झालं की सगळ्यांत आधी त्याला वाचायला द्यायचं. दोन्ही पाळल्या आहेत. इथे मी त्याला दादू म्हणते.

आमचा घटस्फोट झाला तेव्हा दादू सातवीत होता. परस्पर संमतीने झाला. पहिला अर्ज, मधले सहा महिने, मग पुन्हा कोर्टापुढे उभं राहणं. कोणी आवाज चढवला नाही, कोणी कोणावर चिखल उडवला नाही. वकीलबाईंनी एकदा सांगितलं होतं की पालकत्वाचा १८९० सालचा कायदा आहे, त्यात मूल समजत्या वयाचं असेल तर त्याला काय हवं ते कोर्ट विचारात घेऊ शकतं. पण तुमचं आपसांत ठरलंय, तेव्हा त्याची गरज पडणार नाही. आम्हा दोघांनाही हायसं वाटलं. पोराला कोर्टाची पायरी चढायला लावायची नाही, एवढ्या एका गोष्टीवर आमचं पूर्ण एकमत होतं. आपण त्याला घरीसुद्धा काही विचारलेलं नाही, हे लक्षात यायला मला दोन वर्षं लागली.

मी त्याला घेऊन बडोद्याला, दांडिया बाजारात माहेरी आले. माझे वडील अस्सल बडोदेकर. निकालाची प्रत हातात आली त्या संध्याकाळी ते माझ्याजवळ येऊन बसले आणि म्हणाले, "मान खाली घालून वावरायचं नाही. आपल्या सयाजीराव महाराजांनी १९३१ साली या संस्थानात हिंदूंसाठी घटस्फोटाचा कायदा केला. देशाचा कायदा यायला १९५५ साल उजाडलं." धीर देण्याची ही त्यांची पद्धत, आणि मला खरंच धीर आला. दादू तिथेच बसून शाळेचे बूट पॉलिश करत होता. आजोबांचं बोलून झाल्यावर त्याने एवढंच विचारलं, "मग शनिवारी मी कुठे?" आम्ही सगळ्यांनी त्याला समजूतदार म्हटलं.

शनिवारचं असं ठरलं होतं: दुपारी चार वाजता त्याचे बाबा गाडी घेऊन सुरसागर तलावाच्या कठड्यापाशी थांबत. आमच्या घरापासून ते चालत पाच मिनिटं. दादू पाठीला सॅक लावून एकटा जायचा. रविवारी रात्री आठला तिथूनच परत यायचा. ते कधी वर आले नाहीत, मी कधी खाली गेले नाही. निरोप काय असेल तो दादूबरोबर. फी, वह्या, सर्दी-खोकला, पुढच्या आठवड्यात वेळ बदलायची का, सगळं त्याच्या तोंडून. आमचं इतकं छान चाललं होतं की माझ्या मैत्रिणी इतरांना आमचं उदाहरण द्यायच्या.

आठवीच्या दिवाळीनंतर त्याचं पोट दुखायला लागलं. शुक्रवारी शाळेतून आला की पोट धरून बसायचा. आधी ओवा, हिंग, मग जंतांचं औषध. मग रक्त, लघवी, सोनोग्राफी. सगळं नॉर्मल. माझ्या आईचं निदान पक्कं होतं, तिकडे रविवारी सेवउसळ खाऊ घालतात त्याचं हे. मलाही ते पटायचं, कारण पटवून घ्यायचं होतं. तिकडे त्याच्या बाबांना वाटत होतं की पोरगं यायला कंटाळावं म्हणून मीच त्याच्या मनात काहीबाही भरवते. सोमवारी दुखणं गायब. शेवटी त्याला लहानपणापासून बघणाऱ्या बालरोगतज्ज्ञांनी सोनोग्राफीचा कागद बाजूला ठेवला आणि त्यालाच विचारलं, "बेटा, पेटमां क्यारे दुखे छे?" त्याने वार सांगितले. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "दुखणं खरं आहे, नाटक समजू नका. पण औषध पोटाचं नाही लागणार."

आता कोणाकडे जायचं? हा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण इथे आम्ही चुकलो आणि त्यात तीन महिने गेले. ओळखीतल्या एकांनी एका समुपदेशकांचं नाव सुचवलं. पाटी मोठी होती, भिंतीवर प्रमाणपत्रं होती, दहा भेटींचे पैसे एकदम भरायचे होते. मी भरले. दुसऱ्याच भेटीत त्यांनी माझ्यादेखत दादूच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, "आता घरातला पुरुष तूच. आईला सांभाळायचं." दादूने मान डोलावली. त्या शनिवारी त्याला उलट्या झाल्या. पुढच्या आठ भेटींना आम्ही गेलो नाही. पैसे गेले त्याचं काही नाही. आधीच वाकलेल्या पाठीवर आणखी एक गोणी ठेवली गेली, आणि ती ठेवताना मी समोर बसून होते, याचं मला फार वाईट वाटतं.

त्यानंतर मी नीट चौकशी केली. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएसनंतर मनोविकारशास्त्र शिकलेले डॉक्टर, ते गोळ्या लिहून देऊ शकतात. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गोळ्या देत नाहीत, बोलून आणि ठरावीक पद्धतींनी उपचार करतात, आणि त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वसन परिषदेकडे असते. समुपदेशक म्हणून पाटी मात्र फार वेगवेगळ्या शिक्षणाची माणसं लावतात, म्हणून शिक्षण काय, किशोरवयीन मुलांबरोबर किती काम केलंय, हे तोंडावर विचारायचं. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही. ज्यांना खाजगी परवडत नाही त्यांच्यासाठी आपल्या सयाजी हॉस्पिटलमध्ये मानसोपचार विभाग आहे. आम्ही शेवटी एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे गेलो. वयाने माझ्याएवढ्याच, गुजराती. एका वेळचे ८०० रुपये, दर वेळी त्या वेळचेच घेत.

पहिली भेट माझी एकटीची. दुसरी दादूच्या बाबांची, असं मॅडमनी सांगितलं, आणि माझ्या पोटात गोळा आला. मी म्हटलं, "दादूकडून निरोप देते." मॅडम म्हणाल्या, "नको, नंबर द्या. मी बोलते." ते दोनदा नाही म्हणाले. पोराला वेड्यांच्या डॉक्टरकडे कशाला नेताय, असंही म्हणाले. तिसऱ्या फोनला आले.

मग दादू. मी बाहेरच्या बाकावर. मॅडमनी त्याला माझ्यासमोरच नियम सांगितला होता: तू इथे जे बोलशील ते माझ्यापाशी राहील. तू स्वतःला इजा करशील असं वाटलं, किंवा दुसऱ्या कोणाला, किंवा कोणी तुला त्रास देतंय असं कळलं, तर मात्र मला सांगावं लागेल, आणि तेही तुला सांगून सांगेन. मला हा नियम पटला आणि सोसवला नाही. दर वेळी परतताना रिक्षात मी "काय बोललात?" म्हणायची आणि तो "काही नाही" म्हणायचा. चौथ्या वेळी मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, रिक्षात विचारायचं नाही, रिक्षा म्हणजे सेशन नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी त्याला सरळ विचारलं होतं की कधी मरून जावंसं वाटतं का. हे त्यांनी मला नंतर सांगितलं तेव्हा मी भडकले. नसतं डोक्यात घालता का मुलाच्या? त्या शांतपणे म्हणाल्या की विचारल्याने हा विचार डोक्यात शिरत नाही, आधीच असेल तर बोलायला जागा मिळते. पुढे एका रात्री मला या वाक्याचा आधार झाला.

भाषेची एक गोष्ट मला अगदीच अनपेक्षित होती. मला वाटत होतं मराठी बोलणारं कोणी मिळालं असतं तर तो मोकळा झाला असता. मॅडमनी त्याला विचारलं, कोणत्या भाषेत बोलायला आवडेल? त्याने गुजराती निवडली. त्याचं कारण त्याने मला कितीतरी महिन्यांनी सांगितलं. मराठी आमच्या घरातही आणि बाबांच्या घरातही. मराठीत बोललं की दोन्ही आज्या ऐकताहेत असं वाटतं. गुजराती ही त्याची क्रिकेटच्या मैदानावरची भाषा, शाळेतली भाषा. तिच्यात आमच्यापैकी कोणीच नाही.

सहा-सात भेटी झाल्यावर मॅडमनी आम्हा तिघांना एकत्र बोलावलं. दादूच्याच म्हणण्यावरून. घटस्फोटानंतर आम्ही तिघं एका खोलीत पहिल्यांदा बसत होतो. दादू मधल्या खुर्चीवर. त्याच्या हातात पाण्याची बाटली होती आणि तो तिच्यावरचा कागद नखाने सोलत होता.

मॅडमनी त्याच्या बाबांना विचारलं, "यांना तुम्ही शेवटचा कोणता निरोप पाठवलात? जसाच्या तसा सांगा." ते जरा घुटमळले. मग म्हणाले, "क्लासच्या फीचा. मी म्हटलं होतं, आईला सांग, मागच्या वेळी मी भरली, मी काही एटीएम नाही."

मॅडमनी मला विचारलं, तुमच्यापर्यंत काय आलं?

मला जे आलं होतं ते असं: "बाबांना या महिन्यात जरा ओढाताण आहे, तुला जमेल का, असं विचारलंय त्यांनी." मी ती फी आनंदाने भरली होती.

मग माझी पाळी. मी पाठवलेला निरोप मी मोठ्याने म्हणून दाखवला तेव्हा माझी जीभ अडखळत होती: "त्यांना म्हणावं, रविवारचे बाप होणं सोपं असतं." तिकडे पोचलं होतं: "आई म्हणाली, रविवारी तुमच्याबरोबर मला मजा येते ते बरं आहे."

असे एकेक निघत गेले. दोन वर्षांचे. तो निरोप बदलून सांगायचा. कधी धार काढून टाकायचा, कधी पूर्ण गिळून टाकायचा, आणि कधी स्वतः रचायचा. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दादूने घरी येऊन सांगितलं होतं, "बाबा आजीच्या गुडघ्याची चौकशी करत होते." मला ते इतकं लागलं, चांगल्या अर्थाने, की त्या दिवाळीत मी त्यांच्यासाठी चकल्यांचा डबा भरून दिला. त्या दिवशी त्या खोलीत कळलं की त्यांना ऑपरेशन झाल्याचंच माहीत नव्हतं. आणि डबा देताना मी एक शब्दही बोलले नव्हते, तरी तिकडे "आईने मुद्दाम तुमच्यासाठी केल्या" असं सांगून तो दिला गेला होता.

आमचा सभ्य घटस्फोट, ज्याचं मैत्रिणी उदाहरण द्यायच्या, तो आठवीतलं पोर एकट्याने चालवत होतं. गुरुवार-शुक्रवारपासून त्याला वाटायचं, या वेळी काय निरोप निघेल, तो कसा वळवायचा, आणि मागच्या वेळी काय खोटं सांगितलं ते लक्षात ठेवायचं. कोणी एकाने दुसऱ्याला फोन केला तर सगळं उघडं पडेल ही भीती वेगळीच. पोट दुखेल नाहीतर काय?

बाटलीवरचा कागद सगळा निघाला होता. त्याच्या बाबांनी खाली वाकून ते तुकडे गोळा केले, खिशात टाकले. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग दादूच म्हणाला, आणि मराठीत म्हणाला, "तुम्ही भांडाल म्हणून."

त्यानंतरचं काम बहुतेक आमचंच होतं. पैसे, वेळ आणि तब्येत, एवढ्या तीन गोष्टी आम्ही दोघं एकमेकांना थेट व्हॉट्सॲपवर लिहायच्या, चौथी लिहायची नाही. रविवारी रात्री "काय खाल्लंस, कोण आलं होतं" ही उलटतपासणी बंद. चष्मा, कंपास, पायजमा, चार्जर दोन्ही घरी वेगवेगळे, म्हणजे ती सॅक हलकी होईल. गणपतीला कुठे आणि दिवाळीला कुठे, हे वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून दोन्ही घरांच्या फ्रिजवर कागद. त्याच्या बाबांकडे पाच दिवसांचा गणपती असतो. दर वर्षी आम्ही शेवटच्या क्षणापर्यंत "बघू, त्याला विचारू" करत राहायचो, आणि दादू एकाला नाही म्हणण्याच्या भीतीने तापाने फणफणायचा. मॅडम म्हणाल्या, त्याचं मत जरूर घ्या, पण निवाडा त्याच्यावर टाकू नका. या दोन्हींत किती अंतर आहे ते मला हळूहळू कळलं.

त्याच्या वाट्याचं कामही होतं. पोटात कळ यायला लागली की सावकाश श्वास सोडण्याचा सराव. रोज संध्याकाळी पंधरा मिनिटं काळजी वहीत लिहून काढायची आणि वही मिटायची. आणि एक वाक्य. मॅडमनी ते त्याच्याकडून पाढ्यासारखं घोटून घेतलं होतं: "हे तुम्ही एकमेकांना सांगा." ते पहिल्यांदा माझ्यावरच आलं. मी सवयीने म्हणून गेले, "बाबांना सांग, उद्या अर्धा तास उशीर होईल." तो बुटाची नाडी बांधत होता. थांबला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. नाडीकडेच बघत म्हणाला, "हे तुम्ही एकमेकांना सांगा." आणि लगेच, "सॉरी." मी आत गेले आणि मेसेज केला.

यानंतर सगळं सुरळीत झालं असं नाही, उलट दोन-तीन महिने फार वाईट गेले. गुणी मुलगा गेला आणि जो आला त्याला आम्ही ओळखत नव्हतो. दार आपटणं, आजीला उलट उत्तरं, नववीच्या पहिल्या परीक्षेत गणितात जेमतेम पास. एकदा जेवणाचा डबा भिंतीवर फेकला. आई म्हणाली, त्या बाईने चांगलं पोरगं बिघडवलं. मॅडमनी हे आधीच सांगून ठेवलं होतं, की दोन वर्षांचा राग आहे, तो बाहेर येईल, आणि तो तुमच्यावर निघतोय म्हणजे तुमच्यापाशी त्याला सुरक्षित वाटतंय. मारहाण किंवा मोडतोड चालणार नाही हे सांगायचं, रागावला म्हणून जीव कमी झाला नाही हेही सांगायचं. सांगायला सोपं. डबा भिंतीवरून घसरत असताना मला त्यातलं एकही वाक्य सुचलं नाही. मी डाळ पुसली. थोड्या वेळाने तोही फडकं घेऊन आला.

त्याच दिवसांतल्या एका रात्री एक वाजता तो माझ्या पलंगाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, "मी नसतो तर तुमचं सोपं झालं असतं." माझे हातपाय गार पडले. पण मॅडमचं ते वाक्य आठवलं आणि मी विचारलं, मरून जावंसं वाटतंय का? तो म्हणाला, कधी कधी. मॅडमना इतक्या रात्री फोन लावावा की नाही कळेना. मी १४४१६ फिरवला. ही टेली मानसची सरकारी सेवा आहे, ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, फुकट, चोवीस तास, आणि आपापल्या भाषेत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी मला आधी खाली बसायला लावलं. त्याला एकटं सोडू नका, उपदेश करू नका, घरातली औषधं कुलपात ठेवा आणि सकाळी त्याच्या डॉक्टरांना कळवा, असं सांगितलं. मग त्याच्याशीही बोलल्या. आजोबांच्या बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्या मी त्याच रात्री कपाटात घालून किल्ली गळ्यातल्या साखळीत ओवली. सकाळी त्याच्या बाबांना मी स्वतः फोन केला. ते अर्ध्या तासात आले, आणि पहिल्यांदाच जिना चढून वर आले. आईने दार उघडलं. आत या म्हणाली.

मॅडमनी त्याला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून घेतलं. गोळ्यांची तूर्त गरज नाही असं त्यांचं मत पडलं. गरज आहे म्हणाले असते तर दिल्या असत्या, एवढी भीती माझी तोवर गेली होती. आठवड्याच्या भेटी चालू ठेवल्या, मग पंधरा दिवसांनी, मग महिन्याने.

आता तो दहावीत आहे. पोट अजून अधूनमधून दुखतं, मुख्यतः परीक्षेआधी. शनिवारी तो सायकलने जातो, कधी दुपारी, कधी सकाळी, आणि एखादा शनिवार गेला नाही तर बाबांना स्वतः फोन करून सांगतो की मॅच आहे. मला आणि त्याच्या बाबांना एकमेकांबद्दल प्रेम वगैरे काही वाटत नाही. मेसेजमध्ये कधी खटका उडतो. तो आमच्यातच राहतो.

हे सगळं लिहून काल त्याला वाचायला दिलं. गॅलरीत उभा राहून त्याने मोबाइलवर वाचलं. चकल्यांच्या ठिकाणी थोडा हसला. दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आहेत. मग म्हणाला, एक चूक आहे. पोट शुक्रवारी शाळेतून आल्यावर दुखायचं असं मी लिहिलंय.

"गुरुवारी रात्रीच सुरू व्हायचं," तो म्हणाला. "तू झोपलेली असायचीस."

वरचा शुक्रवार मी तसाच ठेवला आहे.